बिश्केकला निघालेली फियाट

काशम्मानं डिकीत दगडी खलबत्ता ठेवला आणि चन्नवीरची फियाट मागच्या अंगानं अशी खाली गेली, जशी म्हैस डबक्यात बसावी.

"काकू, हे काय?"

"उत्कर्षाला. मिक्सर हाय तिच्याकडं, पण त्यातनं निघती ती पूड. चटणी न्हवं."

उत्कर्षा म्हणजे काशम्माची नात. ती किरगिझस्तानात, बिश्केकला डॉक्टरकी शिकत होती. आणि चन्नवीर खरोखरच बिश्केकला निघाला होता. गाडीनं. जुन्या मोटारींची एक रॅली चेन्नईहून निघून नेपाळ, तिबेट, चीन ओलांडत थेट इस्तंबूलला जायची होती. सोलापूर तिच्या वाटेवर होतं. इथून बाळीवेशीतल्या चन्नवीरची जुनी, गोल पाठीची डुक्कर फियाट तिच्यात सामील होणार होती, बिश्केकपर्यंत. त्यापुढं यायला त्याचे दाजी तयार नव्हते. बहिणीचा नवरा शिवानंद बार्शीचा धान्याचा आडत्या. रॅलीत दुसरा ड्रायव्हर लागतो म्हणून चन्नवीरनं त्याला कसाबसा पटवला होता.

अडचण एकच होती. गल्लीत कुणाचा विश्वास बसत नव्हता.

त्यात गल्लीची चूक नव्हती. चन्नवीर म्हणजे चालतंबोलतं एप्रिल फूल. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्यानं एकदा भल्या पहाटे "पाणी आलं" म्हणून आरोळी ठोकली होती. अख्खी गल्ली घागरी घेऊन कोरड्या नळापुढं उभी, आणि हा गच्चीवर चहा पीत. असा माणूस उद्या म्हणाला की मी मोटारीनं तिबेटला चाललोय, तर कोण ऐकणार? शेजारचे हिंदुराव, एसटीतनं रिटायर झालेले, मूळचे नातेपुत्याचे, ते तर कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते की हा पुण्याला जाऊन मिसळ खाऊन परत येणार.

मग चन्नवीरला राहवेना. त्यानं कट्ट्यावर जाहीर केलं, "वाटंत कुणाचं कोण असंल तर पार्सल द्या. नेऊन पोचवतो."

इथंच तो फसला. आमच्याकडं परगावी जाणाऱ्याला मोकळ्या डिकीनं जाऊ देत नाहीत. मुंबईला निघालेल्या माणसाबरोबर चेंबूरच्या मावशीला शेंगाचटणी जाते, तर हा आशिया खंड ओलांडायला निघालेला. आणि डॉक्टरकीच्या नादानं गल्लीतली निम्मी पोरं त्याच वाटेवर सांडलेली. हिंदुरावांचा पुतण्या युवराजही बिश्केकलाच. त्याच्यासाठी मालदांडी ज्वारीचं अर्धं पोतं आलं. कडक भाकरीचे डबे आले, चादरींचे गठ्ठे आले. बिरप्पा धनगराला लेक ना पुतण्या, तरी त्यानं घोंगडं आणून दिलं, थंडीत कुणी दिसलं तर घाल म्हणाला. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की हिंदुराव हसणार. शेवटी जागा होईना तेव्हा चन्नवीरनं जॅक आणि पाण्याचे कॅन काढून ठेवले. बायको दानेश्वरीनं स्वेटर भरले होते, तेही निघाले.

गाडी त्याच्या अप्पांची, बसप्पांची. त्याच्या लहानपणी एक गोरं जोडपं खटारा व्हॅन घेऊन युरोपातनं आलं आणि हैदराबाद रस्त्यावर बंद पडलं. अप्पांनी फियाटला दोर बांधून त्यांना घरी ओढून आणलं. आठवडाभर ती माणसं पाटावर बसून ज्वारीची भाकरी खात होती. जाताना म्हणाली, आता तुम्ही या, गाडीनंच या. अप्पांनी ते मनावर घेतलं. दर रविवारी गाडी धुताना म्हणायचे, "निघायचंच एकदा." मग गल्लीतली कुणी बाळंतीण अडायची, कुणाचा नवरदेव मिरवायचा असायचा, आणि गाडी तिकडं जायची. युरोपच्या दिशेनं ती फार तर अहमदनगरपर्यंत गेली असेल. अप्पा गेले. गाडी राहिली. चन्नवीरनं आयुष्यात हीच एक गोष्ट चेष्टेवारी नेली नव्हती.

रॅली आली. मोठमोठ्या चकचकीत मोटारी, त्यात सगळ्यांत पुढं हेल्गा नावाची जर्मन म्हातारी. गल्लीनं फियाटच्या चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडी हलली तेव्हा हिंदुरावांचं तोंड उघडं राहिलं. चन्नवीरला वाटलं, जिंकलो.

तुळजापूरच्या घाटापर्यंत तो जिंकलेलाच होता.

घाटात फियाट धापा टाकायला लागली. काटा लाल रेषेवर गेला. "थांबव की गड्या, पाणी घालू," असं दाजी म्हणाले, तेव्हा चन्नवीरनं त्यांना आठवण करून दिली की पाण्याचे कॅन घरी आहेत आणि त्यांच्या जागी ज्वारी आहे. शिवाय मागं आख्खा युरोप हॉर्न न वाजवता येत होता, त्याचीच जास्त लाज वाटत होती. त्यानं पहिल्या गिअरमध्ये तसंच रेटलं. निम्म्या घाटात बॉनेटमधून वाफ आली, आतून खळ्ळकन आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. बिश्केक राहिलं बाजूला, अजून तुळजापूरही आलं नव्हतं.

महिनाभराचं काम, असं मेकॅनिकनं फोनवरच सांगितलं. रॅली थांबणार नव्हती. चीनच्या हद्दीत सगळ्यांनी एकदमच शिरायचं, मागं राहिलेल्याला दार बंद. हेल्गा पुढनं वळून मागं आली आणि म्हणाली, आमच्या गाडीत बस, चल. चन्नवीरनं एकदा तिच्या मोटारीकडं बघितलं, एकदा अप्पांच्या. मग मान हलवली. "गाडी राहणार आन मी जाणार, त्याला काय अर्थ हाय," एवढंच तो दाजींना म्हणाला.

पण पार्सलं? परत नेली तर जन्मभर ऐकायला लागणार. हेल्गानं सगळं ऐकून घेतलं आणि शिट्टी मारली. एकेका मोटारीतनं माणसं उतरली. कुणी भाकरीचा डबा घेतला, कुणी चादरी, एका फ्रेंच माणसानं ज्वारीचं पोतं मांडीवर घेतलं. खलबत्ता हेल्गानं स्वतः पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. बघता बघता आख्खी गल्ली घाट चढून गेली. फियाट तेवढी राहिली.

घरी जायची सोय नव्हती. गेलाच असता तर हिंदुरावांनी मिसळ कशी होती म्हणून विचारलं असतं. फियाट टेम्पोत घालून दोघं बार्शीला दाजींच्या घरी लपले. बहीण दाक्षायणीला त्यानं अप्पांची शपथ घातली. "कुणाला बोलायचं न्हाय."

मग सुरू झाला बार्शीतला तिबेट. हेल्गा रोज फोटो पाठवायची, चन्नवीर ते गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा. तू कुठंच दिसत नाहीस असं कुणी विचारलं की, फोटो मीच काढतोय. बाहेर एप्रिलचं ऊन, हा डोक्यावर ओला पंचा टाकून बसलेला, आणि काशम्माचा निरोप यायचा, कानटोपी घाल रे बाबा. तो घसा खाकरून सांगायचा, थंडी लई हाय काकू, दात वाजायल्यात. दानेश्वरी रोज फोनवर जेवलात का विचारायची. हा शेंगाची पोळी गिळून सांगायचा, काय सांगू, नुसत्या शेवया आहेत इथं. पार्सलं पोचल्याचे फोन गल्लीत यायला लागले तसा त्याला आणखी हुरूप आला.

इंजिन झालं. वीटभट्टीवरची माती गाडीला नीट चोपडून तो सोलापुरात शिरला, तर गल्लीत मांडव. हलगी लागलेली. हार, फेटा, आणि खुर्ची.

हिंदुरावांनी अदबीनं विचारलं, गाडी परत कशी आणलीस. "जहाजानं," चन्नवीर म्हणाला.

"बिश्केकला समुद्र हाय व्हय?"

"हाय की. ल्हान हाय."

हिंदुरावांनी मान डोलावली. बिरप्पानं तिथल्या मेंढ्यांची चौकशी केली. चन्नवीर रंगात आला. त्यानं याक दाखवला, बर्फात रुतलेली गाडी दाखवली, एका लामानं फियाटला नमस्कार केल्याचंही सांगून टाकलं. कुणी हसलं नाही, कुणी अडवलं नाही. एवढे गुणी श्रोते त्याला जन्मात मिळाले नव्हते. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

शेवटी काशम्मा पदर सावरत पुढं सरकली.

"चन्नवीर, तेवढं एक सांग की. बिश्केकला जाताना बार्शी लागती का रे?"

हलगी थांबली. चन्नवीरनं दाजींकडं बघितलं. दाजी मांडवाच्या बांबूकडं बघायला लागले. मग दानेश्वरीनं तोंडाला पदर लावला आणि आख्खा मांडव फुटला. हिंदुराव तर खुर्चीसकट कलंडले.

चन्नवीर फेट्यासकट बसून राहिला आणि मग सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. डोळे पुसत त्यानं विचारलं, "कधी कळलं?"

"दुसऱ्या दिशीच," काशम्मा म्हणाली. "दाक्षायणीचा फोन आला. दादा आलाय, जेवतोय, पण गप गप हाय म्हणाली. हिंदुराव उठलेच व्हते तुला आणायला. मीच बसवलं."

"का?"

म्हातारीनं फियाटच्या टपावरून हात फिरवला. वीटभट्टीची माती बोटांना लागली ती तिनं तशीच राहू दिली.

"तुझा अप्पा आमच्या बाळंतिणी ने-आण करण्यातच ऱ्हायला की रे. आमी सगळ्यांनीच त्याला अडकवून ठेवला. म्हणलं, ह्याला तरी एकदा जाऊन येऊ द्या."

मग ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"हां. त्यो लामा काय म्हणाला मग?"