कोण म्हणतं?

चित्रसंग्रहालयाच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आधारकाकांची लाल पेन्सिल अडली. मुद्रितं तपासताना ते प्रत्येक वाक्याला आधार मागत, म्हणून कचेरीने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून घरी चुका काढायला कुणी उरलं नव्हतं. ती सगळी हौस ते इथेच भागवून घेत.

पानावर दिवंगत चित्रकाराचं गाजलेलं वाक्य होतं : ‘ज्या अमूर्त चित्रात आपल्याला काहीच दिसत नाही, ते आपल्याकडे बघत असतं.’

“अहो, सगळ्या जगाला पाठ आहे ते!” संपादकबाई कावल्या. “उद्या छपाई आहे.”

“जगाने लिहून दिलंय का? लेखी आधार नाही, तर वाक्य नाही.”

काका चित्रकाराच्या शिष्याकडे गेले. तो हसला. “गुरुजींचं कसलं? फ्रेमवाल्याच्या दुकानात ऐकून आले होते.” काका तडक फ्रेमवाल्याकडे.

म्हातारा फ्रेमवाला त्यांना बराच वेळ न्याहाळत राहिला. “एक बाई लग्नाचा फोटो मढवायला आल्या होत्या. गुरुजींच्या चित्रासमोर आम्ही डोकं खाजवत होतो, तर त्या हे सहज बोलून गेल्या. वर म्हणाल्या, ‘आमच्या घरी उलटं आहे. मी दिसते, पण बघत कुणी नाही.’ फोटोत नवरा मान खाली घालून उभा होता. तुम्हीच ना ते?”

काकांनी कचेरीत परतून सगळं सांगितलं. ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

“मग बाईंचंच नाव छापू या!” संपादकबाई हळहळल्या. लगेच त्यांना आठवलं. “पण काका... लेखी आधार?”

घरी येऊन काकांनी ट्रंक उपसली. बायको तिच्या आईच्या आजारपणात माहेरी राहिली होती, तेव्हाची तिची पत्रं निघाली. प्रत्येक पत्रातलं शुद्धलेखन त्यांनी लाल पेन्सिलीने सुधारलं होतं; उत्तर एकालाही धाडलं नव्हतं. चौथ्या पत्रात ते वाक्य सापडलं, तिच्या तिरप्या अक्षरात. शेजारी समासात त्यांचंच अक्षर होतं : ‘कोण म्हणतं? आधार?’

काकांना रडू आवरेना. बऱ्याच वेळाने त्यांनी लाल पेन्सिल घेतली, तो प्रश्न खोडला आणि खाली लिहिलं, ‘माझी बायको म्हणते.’

मग त्यांनी ते पत्र पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत नीट वाचलं. शेवटच्या ओळीत तिने विचारलं होतं, ‘तुम्ही कसे आहात?’