कांबळे सरांचा मुका सामना

कांबळे सर फुटबॉलच्या मैदानाला मैदान समजतच नाहीत, नांदेड जिल्हा समजतात. डावी कड म्हणजे भोकर, तिच्या पुढचा कोपरा हिमायतनगर, उजवी कड देगलूर. "भोकर सोड! देगलूरला पाठव, देगलूर रिकामं हाय!" असं ते रेषेबाहेरून ओरडतात. समोरच्या संघाला काही कळत नाही. हाफटाइमला बाजू बदलल्या की अख्खा जिल्हा गरकन फिरतो. सर आमच्या शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवतात आणि मी तिथेच भूगोल शिकवतो, माझ्या जिवाचं काय होत असेल ते विचारू नका.

त्यांच्या हुकमाशिवाय मुलींनी चेंडू हलवायचा नाही. हे त्यांच्या उस्तादांकडून आलेलं. "उस्ताद म्हणले, डाव्या पायानं मार. मी उजव्यानं मारला. गोल झाला, तरी मैदानाला धा चक्कर!" हे सर मोठ्या अभिमानानं सांगतात.

आताच्या मुली मोबाइलवर जगभरचे सामने बघतात आणि डब्याच्या सुट्टीत फळ्यावर आपसांत डाव आखतात. लातूरला, तिथल्याच संघाशी, विभागाचा अंतिम सामना होता. जिंकलं तर राज्यस्तरावर. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. सामन्याआधी कप्तान पंचशीला सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, आज तुमी बोलू नका. आमचं आमी बघतो."

"मी न्हाई बोललो तर तुला कसं कळंल गं?"

"बॉल माझ्या पायात असतो सर. मला दिसतंय की."

मला वाटलं, आता हिला चक्कर. सर तिच्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि रुमालाची घडी करून दातांत धरली.

तो सामना मी बघितला कमी, सोसला जास्त. लातूरच्या मुली दोनदा आमच्या गोलपर्यंत येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा सरांची नखं माझ्या दंडात रुतली. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. गोल कुणाचाच होईना.

शेवटची दोन मिनिटं राहिली. चेंडू पंचशीलाकडे, भोकरात. देगलूर मोकळं पडलंय हे मलासुद्धा दिसत होतं. रुमालाआडून घुसमटलेला आवाज आला. तिनं देगलूरकडे मान वळवली, लातूरच्या तिघी तिकडे धावल्या, आणि या पोरीनं टाचेनं चेंडू मागे सोडला! मागे पास देणं सरांच्या राज्यात गुन्हा. तिथे त्यांनी गावच वसवलं नव्हतं. पण मागून आमची एक मुलगी सुसाट आली आणि तिनं चेंडू थेट जाळीत हाणला.

शिट्टी झाली. मुली एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. सरांकडे एकीनंही बघितलं नाही.

"सर, बोला की आता! जिंकलो!" मी ओरडलो.

त्यांनी रुमाल काढला. डोळे भरले होते.

"मी बोललो असतो तर ह्यो गोल झालाच नसता," ते म्हणाले. "मास्तर, इतकी वर्सं किती पोरी खेळून गेल्या माझ्याकडं. त्यांना काय काय दिसलं असंल हो?"

मी त्यांचा हात धरला.