अंगणवाडीपासून शंभर मीटर

अंगणवाडीच्या शुभांगीताईने अकरांपैकी सात पोरांचे फोटो ॲपवर चढवले आणि आठव्या पोराच्या वेळी नेटवर्क गेलं. आठवं पोर म्हणजे गुड्डी. अर्ध्या तासापूर्वी तिचं तोंड धुऊन, केस विंचरून तिला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं केलं होतं. आता तिचं नाक पुन्हा वाहू लागलं होतं आणि बाकीची दहा पोरं बेशरमाच्या झुडपांत खेकडे शोधत होती.

"गुड्डे, हालू नोको. हासू पन नोको. मंग ते ॲप म्हनते का हे पोरगी तू नाईच."

"बाई, मले सू लागली."

चिचटोल्यात मोबाईलचं नेटवर्क फक्त या पाळीवर सापडायचं. तेही एकच काडी, आणि ती वाऱ्याच्या मर्जीने. सरकारी ॲपला मात्र प्रत्येक पोराचा चेहरा रोज अकराच्या आत हवा असायचा. तीन महिन्यांत पर्यवेक्षिका मॅडमच्या तीन नोटिसा शुभांगीच्या पिशवीत जमल्या होत्या, आणि चौथी आली की घरी बसायचं, असं मॅडमनी साकोलीच्या बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं. चौदा वर्षांची नोकरी एका काडीपायी जाणार, या धास्तीने बाईला अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून गावात मोबाईलचा टॉवर येणार असं कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. आणि तो टॉवर अडवणारा ठराव ज्या हाताने पास झाला तो हातही तिचाच होता. हे कसं झालं ते सांगायला ग्रामसभेत जावं लागेल.

चिचटोल्याच्या ग्रामसभेत ठरावाचा सूचक दर वेळी बदलतो, अनुमोदक मात्र शुभांगीच. कारण ती प्रत्येक सभेला येते, पुढे बसते आणि तिची सही चौकटीबाहेर जात नाही. ग्रामसेवक ठराव वाचायला घेतात, दोन ओळींनंतर चष्म्यावरून तिच्याकडे बघतात, ती हात वर करते आणि ग्रामसेवक "मंजूर" म्हणतात. टॉवरच्या ठरावाच्या दिवशी ती मांडीवर आहाराचं रजिस्टर घेऊन अंड्यांचा हिशेब लावत होती. ग्रामसेवकांनी कुठल्याशा दुसऱ्या गावाचा ठराव जसाच्या तसा उतरवून आणला होता. शाळा, अंगणवाडी व दवाखाना यांपासून शंभर मीटरच्या आत टॉवर उभारू नये. शुभांगीने मान वर न करता हात वर केला.

शाळा गावाबाहेर, दवाखाना लाखनीच्या रस्त्यावर. उरली अंगणवाडी, आणि तिचा काही एक पत्ता नव्हता. तिला इमारत होती, नाही असं नाही. पण चार वर्षांमागे छताचा एक पोपडा थेट खिचडीच्या गंजात पडला आणि त्या दिवसापासून अंगणवाडी गोमाजीच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, भरू लागली. गोमाजी म्हाताऱ्याने कधी भाडं मागितलं नाही. पोरांनी बैलांना खडे मारू नयेत, एवढीच त्याची अट होती.

टॉवरच्या सर्व्हेला साकोलीहून अंकुश नावाचा पोरगेलासा इंजिनिअर मोटारसायकलवर आला. टेप घेऊन गावभर हिंडला आणि त्याने तेजरामच्या घरामागची वाडी पसंत केली. संध्याकाळपर्यंत तेजरामने ही बातमी पानठेल्यावर तीनदा, गिरणीवर दोनदा आणि इश्वरच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने एकदा सांगितली.

तेजराम आणि इश्वर शाळेत एका बाकावर बसत आणि तेव्हापासून एकमेकांपासून वही झाकत. गावात पहिला ट्रॅक्टर इश्वरने आणला, म्हणून वीस वर्षं लोक त्याला ट्रॅक्टरवाले म्हणत आले. आता तेजराम टॉवरवाले होणार, हे काही इश्वरला पचेना. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो बायकोला, कौशल्याबाईला, सोबत घेऊन गोमाजीच्या सपरीत हजर झाला.

"काहून वो ताई, येथं बैलाच्या शेनात पोट्टे बसवून राहिल्या? आमची सपरी रिकामीच हाये ना."

"फॅन पन हाये," कौशल्याबाई म्हणाली. "अना सकाळचा चहा माह्याकडे."

चौदा वर्षांत शुभांगीला कोणी फॅन दिला नव्हता. तिचे डोळेच भरून आले. गोमाजीला विचारलं तर तो म्हणाला, "जा नं बाई. बैल तं येथीच हायेत." तासाभरात पाट्या, खेळणी, वजनकाटा आणि अकरा पोरं इश्वरच्या सपरीत पोचली. त्या सपरीच्या भिंतीला लागूनच तेजरामची वाडी होती, हे फॅनच्या वाऱ्यात तिच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी अंकुश सिमेंटची खूण करायला आला तेव्हा इश्वर ठरावाची नक्कल घेऊन रस्त्यातच उभा होता. टेप धरला. अडतीस मीटर.

"काल तं अंगणवाडी तिकडं होती," अंकुश म्हणाला.

"काल होती. आज इकडं हाये," इश्वर म्हणाला. "लहान लेकराईच्या जिवाचा प्रश्न हाये साहेब. ठरावावर ताईची सही हाये, पाहा."

शुभांगीने चहाचा कप खाली ठेवून नक्कल पाहिली; सही चौकटीच्या आत होती, म्हणजे तिचीच.

अंकुशने दुसरी जागा शोधली. ती निघाली इश्वरच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. इश्वरने लगेच नवा शर्ट घातला. शुभांगी मात्र आता शहाणी झाली होती. तिने सगळं बिऱ्हाड उचलून परत गोमाजीच्या सपरीत आणलं आणि दारात बसून राहिली. तेजरामची बायको वच्छला दोनदा बोलवायला आली, दोनदा हात हलवत परत गेली.

तिसऱ्यांदा वच्छला आलीच नाही. तिने इश्वरच्या धुऱ्यालगतच्या आपल्या खळ्यात चूल मांडली आणि गुळाचे गुलगुले तळायला घेतले. वास गावात शिरला. शुभांगी गुड्डीचं वजन करायला वळली आणि पुन्हा बघते तर सपरीत गुड्डी सोडून कोणी नाही. वजनकाट्यावरून उतरून गुड्डीही निघाली.

शुभांगी धापा टाकत खळ्यात पोचली तेव्हा दहा पोरं रांगेत बसून खात होती, आणि तेजराम अंकुशला टेपचं टोक धरून देत होता.

"चौऱ्याहत्तर मीटर," तेजराम म्हणाला. "लिहून घ्या."

"अहो, पण हे खळं हाये. अंगणवाडी कोठी हाये येथं?" अंकुश म्हणाला.

"पोट्टे येथं, खानं येथं, अना आता बाई पन येथं. आनखी काय रायते जी अंगणवाडीत?"

अंकुशने टेप गुंडाळला आणि शुभांगीला बाजूला घेतलं. "ताई, मी सहा वर्षं झाले हे काम करून राहिलो. देवळं पाहिली, शाळा पाहिल्या. पण जागा बदलणारी अंगणवाडी पहिल्यांदा पाहून राहिलो. उद्या दुपारपर्यंत जागा नाही ठरली तर टॉवर शेजारच्या गावाले जाईल. माह्या हातात नाही मग."

त्या रात्री शुभांगीला झोप लागली नाही. पिशवीतल्या तीन नोटिसा तिने पुन्हा वाचल्या. सकाळी उठली ती सरळ आधी इश्वरकडे, मग तेजरामकडे गेली, आणि दोघांनाही एकच गोष्ट सांगितली. "तलावाच्या पाळीखाली ग्रामपंचायतीची जागा हाये. टॉवर तेथी लावू द्या. तुमचा बी नाई, त्याईचा बी नाई."

आपला नाही याचं दुःख दोघांना झालं, पण समोरच्याचाही नाही म्हटल्यावर दोघांचे चेहरे उजळले. दहा वाजता सगळे पाळीवर जमले. पोरंही होतीच, कारण फोटोची वेळ झाली होती. पाण्यात गोमाजी बैल धूत होता.

अंकुशने जागा बघितली, खूश झाला आणि खिशातून मोबाईल काढला. "येथं एक काडी दिसून राहिली. चला, आता सरकारी नकाशा तरी उघडेल. गावात तर उघडतच नव्हता." नकाशा हळूहळू उघडत गेला. अंकुशने तो बघितला, मग पाळ बघितली, मग पुन्हा नकाशा.

"ताई, येथं अंगणवाडी हाये."

"कोठी?"

"येथंच. आपण उभे हावो तेथं. नकाशात चिचटोल्याची अंगणवाडी पाळीवर दाखवून राहिली. हे जागा वीस मीटरवर येते. जमत नाही."

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. पाळीवर दोन बगळे होते. मग शुभांगीच्या एकदम लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला. वर्षामागे ॲपने विचारलं होतं, 'आपण आता केंद्रावर आहात का?' त्या प्रश्नाला उत्तर द्यायलासुद्धा नेटवर्क लागत होतं. म्हणून ती पाळीवर आली होती आणि इथे उभं राहून तिने 'हो' दाबलं होतं, आणि ॲपने हीच जागा केंद्र म्हणून नोंदवली होती.

"म्हंजे इतके दिवस," इश्वर सावकाश म्हणाला, "अंगणवाडी माह्या घरी नव्हतीच?"

"कागदावर नव्हती," अंकुश म्हणाला. "ऑफिसवाले नकाशावरूनच मोजतात. आधी माहीत असतं तर माझे चार दिवस वाचले असते."

"मंग माही वाडी चालते," तेजराम म्हणाला.

"माहा धुरा पन चालते," इश्वर म्हणाला. आणि दोघांची पुन्हा तिथेच जुंपली. ट्रॅक्टर निघाला, शाळेतला बाक निघाला, कोणी कोणाचं गणित पाहून लिहिलं तेही निघालं. अंकुशने घड्याळ बघितलं आणि मोटारसायकलची चावी काढली.

आता मात्र शुभांगीचा पारा चढला. चौदा वर्षं ती या गावाच्या पोरांची नाकं पुसत आली होती, त्यांत या दोघांच्या नातवंडांचीही होती. तिने मोबाईल वर धरला.

"ऐका. ह्या एका बटनात अंगणवाडी कोनाच्या बी सपरीत नेता येते. तेजरामभाऊ, तुमी आनखी एक शब्द बोलले तं टॉवरची पहिली काडी आली का मी तुमच्या घरी येऊन बटन दाबीन. इश्वरभाऊ, तुमच्याकडे पन येईन. मंग जल्मभर टॉवर नाई, नुसते पोट्टे."

दोघं एकेक पाऊल मागे सरले. पाण्यात बैलाने शेपटी आपटली. शुभांगीने तिकडे बघितलं. या चार दिवसांत ज्याने अंगणवाडीला बोलावलंही नव्हतं आणि अडवलंही नव्हतं, असा गावात एकच माणूस होता.

"गोमाजी, तुमच्या मागच्या वाडीत टॉवर लावू द्यान का?"

"किती दिवस ठेवतेत?"

"वीस वर्षं," अंकुश म्हणाला.

गोमाजीने विचार केला. "बैल बांधाले जागा सोडा म्हंजे झालं." आणि तो पुन्हा बैलाची पाठ घासू लागला. त्याच्याकडे मोबाईल नव्हता आणि आजही नाही. लोक मात्र त्याला आता टॉवरवाले गोमाजी म्हणतात.

दोन महिन्यांत टॉवर उभा राहिला. चिचटोल्यात घराघरांत, न्हाणीतसुद्धा, चार चार काड्या आल्या. पहिल्या दिवशी शुभांगीने गोमाजीच्या सपरीत बसून ऐटीत ॲप उघडलं, तर ॲप म्हणालं, 'आपण केंद्रापासून तीनशे दहा मीटर दूर आहात. कृपया केंद्रावर जा.' जागा बदलायचं बटण समोरच होतं. पण ते दाबलं असतं तर अंगणवाडी टॉवरच्या पायाशी आली असती आणि सगळा टेप पुन्हा निघाला असता. तिने पोरांची रांग लावली आणि पाळीवर गेली. तिथे अकराच्या अकरा फोटो दोन मिनिटांत चढले. चौथी नोटीस काही आली नाही, पण पावसाळा येणार होता आणि पाळीवर छप्पर नव्हतं.

पुढच्या ग्रामसभेत इश्वर आणि तेजराम दोघंही उठले. पाळीखालच्या जागेत अंगणवाडीची नवी इमारत बांधा, असं दोघं एकाच वेळी म्हणाले. टॉवर हातचा गेला होता, निदान कोनशिलेवर नाव तरी यावं, असा दोघांचा हिशेब. ग्रामसेवकांनी तिथल्या तिथे जुना ठराव समोर ठेवून नवा लिहून काढला, दोन ओळी वाचल्या आणि सवयीने चष्म्यावरून शुभांगीकडे बघितलं.

शुभांगीचा हात अर्ध्यापर्यंत गेला. मग तिने तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"सर, पुरा वाचा."

"अहो ताई, इमारतीचाच आहे."

"तरी वाचा. मोठ्यानं."

ग्रामसेवकांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "असे ठरले की, गावात अंगणवाडीची नवीन इमारत बांधण्यात यावी. मात्र सदर इमारत शाळा, दवाखाना व..." ते थांबले. चष्मा काढून त्यांनी पुसला. "व अंगणवाडी यांपासून शंभर मीटरच्या आत बांधण्यात येऊ नये."

शुभांगीने पिशवीतून स्वतःचा पेन काढला आणि ग्रामसेवकांच्या पुढे ठेवला.

"खोडा ते," ती म्हणाली. "मंग हात वर करीन."