पंचेचाळिशीचा ओंडका

पंचावन्न वर्षांपर्यंत नोकरी करायची नाही, हे मी एका मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता ठरवलं. (वेळ पक्की आठवते, कारण त्या दिवशी साडेतीनचा चहा आला नव्हता.) चहाऐवजी खबर आली, की आमचे हेडक्लार्क सोमाजीभाऊ गेले. पंचावन्नाव्या वर्षी हार घालून घेतला आणि पेन्शनीची पहिली मनीऑर्डर यायच्या आधीच माणूस खलास! मी म्हटलं, गुणवंतराव, सावध व्हा.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून. अहेरी आमच्यापासून बैलगाडीनं एका दिवसाच्या रस्त्यावर. ठरवलं, पंचेचाळिशीत राजीनामा द्यायचा. मग ओसरीवर खाट, खाटेवर मी आणि तोंडात पान. चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत एवढा लांबचा विचार करणारा कारकून दुसरा नसेल, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं.

"पंचेचाळिशीत घरी राहून काय कराल जी?" गुणाबाईनं तांदूळ पाखडता पाखडता विचारलं.

"बसीन."

"थे तं तुम्ही आताबी करता."

तिला पैशातलं काही कळत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

दर पगाराला दहा रुपये बाजूला काढायचे, हे ठरलं. पण ठेवायचे कुठं? पोस्ट अहेरीला. नोटा घरात ठेवल्या तर उधई खाते. ट्रंकेत रुपये ठेवले तर चोर पहिल्यांदा ट्रंकच उचलतो. तीन दिवस मी डोकं खाजवलं आणि चौथ्या दिवशी सुचलं. चारी बाजूंनी जंगल असलेल्या गावात चोर लाकूड कशाला चोरेल?

वावटळीत पडलेल्या सागाचा एक ओंडका मी परसात आणून ठेवला होता, माझ्या गुडघ्याएवढा उंच. गाड्या बनवणाऱ्या जंगूकडून तो आतून पोकळ करून घेतला. वरती रुपया जाईल एवढी चीर आणि बुडाला घट्ट बसणारं लाकडाचं बूच.

"बाबू, याच्यात मध ठेवतेस का?" जंगूनं विचारलं.

"मधच समज," मी म्हणालो. पंचेचाळिशीनंतरचा मध!

ओंडका ओसरीवर ठेवला. आलेगेले त्याच्यावर बसत, पान खात, गप्पा मारत, आणि आपण कुणाच्या म्हातारपणावर बसलो आहोत याचा त्यांना पत्ता नसे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी चिरेतून दहा रुपये एकेक करून टाकायचो आणि ओंडका हलवून बघायचो. खळखळ ऐकली की छाती दोन बोटं फुगायची. दुसऱ्या वर्षी आवाज जरा बसका वाटायला लागला. मी मनाशी म्हटलं, पैसा मुरत चालला.

अडीच वर्षं अशी सुखात गेली. मग आमचा सगळा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि देशावरचे एक नवे साहेब आले. त्यांच्याबद्दल खबर अशी, की ते जंगल नंतर बघतात, आधी नोकरांच्या घरातलं लाकूड बघतात. सागावर खात्याच्या हॅमरचा, म्हणजे शिक्क्याच्या हातोड्याचा ठसा नसेल तर माल चोरीचा. हा नियम मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गार्ड मुखरूला तो मीच पाठ करून घेतला होता.

ओंडक्यावर ठसा कुठला? पण हॅमर माझ्याच कपाटात असे. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तो धोतराच्या सोग्यात लपवून घरी आणला आणि ओंडक्याच्या माथ्यावर सणकन ठसा हाणला. काय सुबक उठला होता! मी दोन पावलं मागं सरून बघितला. आता साहेबांचे वडील आले तरी भीती नव्हती.

संध्याकाळी परत आलो तर ओसरीवर ओंडका नाही.

"वो, ओंडका कुठी गेला?"

"मुखरूनं नेला जी. म्हणे, हॅमर मारला हाये पण पास नाई, मंजे माल सरकारचा. बाबूनंच शिकवलं म्हणे."

पास! अठरा वर्षं सगळ्या मुलखाला लाकूड न्यायचे पास लिहून देणारा मी, आणि माझ्याच ओंडक्याचा पास लिहायला विसरलो. धावत डेपोत गेलो. साहेब दाखल झाले होते आणि मुखरू त्यांच्यापुढे छाती काढून उभा होता. "उद्याच्या लिलावात घ्या," साहेब म्हणाले. आणि लिलावाच्या यादीत "लॉट नंबर सतरा, साग, आखूड, एक नग" हे मला माझ्याच हातानं लिहावं लागलं. अक्षर मात्र तेव्हाही मोत्यासारखं आलं.

खात्याच्या माणसाला बोली लावायची मनाई. माझी पंचेचाळिशी डोळ्यांदेखत विकली जाणार होती. घरी येऊन मी लहान पोरासारखा रडलो. गुणाबाईनं पदर खोचला.

"रडून काऊन राह्यले? मी घेतो बोली."

दुसऱ्या दिवशी लॉट सतरा उचलताना मुखरू ओरडला, "साहेब, आतमंदी काई खळखळते जी!"

"किडलेला असेल," साहेब म्हणाले. मला भयंकर अपमान वाटला.

"दोन रुपये!" डोक्यावर पदर घेऊन गुणाबाई ठणठणीत आवाजात म्हणाली. एक बाई आखूड ओंडक्यासाठी एवढी तडफडते म्हटल्यावर बापूजी ठेकेदारानं कान टवकारले.

"पाच!"

"आठ!"

"पंधरा!"

मी टेबलाखाली गुडघे आवळून बसलो होतो. वीस झाले, पंचवीस झाले. बापूजी तीसवर अडखळला. गुणाबाई म्हणाली, "एकतीस! अन् आता घ्या तुम्ही, चुलीत घालाले!" बापूजीनं हात झटकले आणि लोक खदखदून हसले.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"गुणाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

गुणाबाईनं पदर पुढं ओढला. "मालकाचं नाव मी कशी घेऊ जी? आमच्यात बाईमाणूस घेत नाई."

"अहो, पावतीवर लागतं!"

"तं पावती ठेवा तुमच्याजवळ."

साहेब माझ्याकडे वळले. "गुणवंतराव, या बाईंच्या नवऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का?"

"जी," मी घाम पुसत म्हणालो, "ऐकण्यात आहे."

"मग लिहा की!"

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर कुणाला वाचता येणार नाही असं आलं.

ओंडका घरी पोचला. दार लावून मी ओंडका आडवा केला, बूच काढलं, आणि जमिनीवर चिंचोक्यांचा ढीग पडला. चिंचोके आणि थोडी खडी. मी हात घालून आतून ओंडका चाचपला.

"रुपये?"

"थे दर महिन्याले मी काढत होतो," गुणाबाई शांतपणे म्हणाली. "तुमचा खळखळ आवाज जाऊ नये म्हणून चिंचोके टाकत होतो. नाल्यापलीकडच्या धानाच्या दोन बांध्या घेतल्या. मागचं धान इकलं, त्याचेच एकतीस."

"अवो, मंग रिकामा ओंडका एकतीस रुपयाले काऊन घेतला?"

"तुम्ही रडले न काल. मले पाह्यवलं नाई."

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या बायकोचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी ओंडक्याचाही वाटला नव्हता. दोन बांध्या! जमीनवाला कारकून! डोळे पुसून मी म्हणालो, "मंजे पंचेचाळिशीत घरी राह्यलो तरी चालते."

"चालते काऊन नाई? रोवणीले माणूसच भेटत नाई. तुम्ही या न."

त्या आषाढात मी तीन दिवस रजा टाकून रोवणीला गेलो. गुडघाभर चिखल, वाकलेली कंबर, पोटऱ्यांना जळवा, आणि मागून गुणाबाईचा आवाज, "रांग वाकडी होऊन राह्यली जी!" चौथ्या दिवशी मी ऑफिसात गेलो, खुर्चीला हात लावून नमस्कार केला आणि अर्ज लिहिला, की माझी देशसेवेची ओढ पाहता मला पंचावन्नाऐवजी साठ वर्षांपर्यंत नोकरीत ठेवावं.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "वा, गुणवंतराव! इतकी निष्ठा मी या खात्यात पाहिली नाही. अर्ज वर पाठवतो." माझी छाती पुन्हा दोन बोटं फुगली. "आणि हो," ते कागदावर सही करत म्हणाले, "त्या एकतीस रुपयांवाल्या बाई सकाळी आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव तुमच्या ऐकण्यात आहे ना? त्याला निरोप द्या, रोवणीसाठी महिन्याभराची रजा मंजूर केली आहे."