फाइलीत सगळं आलबेल

झालं असं, की बायको रविवारी ड्यूटीवर गेली आणि जावईबापूंनी ठरवलं, सासऱ्यांची जुनी हार्ड डिस्क आज आपणच नव्या डिस्कवर उतरवायची आणि जुनी पुसून भंगारात द्यायची. डिस्क घरघरायला लागली होती. तिच्यात फोटो होते, आणि 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये सासऱ्यांनी हौसेने रेकॉर्ड केलेल्या गप्पा. सासरे जाऊन वर्ष झालेलं. सासूबाईंना फोटोबिटो नको होते, तेवढा आवाज हवा होता.

बायको कॉम्प्युटरवाली. तिने कमांड लिहून पाठवली, आणि काय कमांड होती राव. एरवी मशीन जे बोलतं ते एकतर स्क्रीनवर दिसतं, नाहीतर गुपचूप फाइलीत जातं. हिने मध्ये 'टी' लावला होता. पाण्याच्या पाइपाला टी लावून एक धार बागेत, एक बादलीत सोडतात ना, अगदी तसं. स्क्रीनवरही दिसणार, फाइलीतही उतरणार. जावईबापू तर खूश (असली बायको आपल्याला कशी मिळाली, हे कोडं त्यांना लग्नापासून सुटलेलं नाही).

फक्त टीच्या आधी एक विचित्र प्रकार होता: दोन, बाण, अँड, एक. चुकून बोट पडलं असणार, म्हणून त्यांनी तो प्रेमाने खोडला.

सासूबाई मटार सोलत स्क्रीनसमोर बसल्या. शाळेत परीक्षांवर नजर ठेवण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे मटारकडे न बघता सोलत होत्या. काम संपलं. जावईबापूंनी फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली.

"आई, एकही एरर नाही. पुसतो आता जुनी."

"मध्ये काहीतरी फेल का काय आलं होतं हो. पुढे 'आवाज' लिहिलेलं."

"फाइलीत नाहीये ना पण." (जावईबापू इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात. कागदावर नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची श्रद्धा.)

"मी बघितलं म्हणतेय ना. आधी तिला फोन लावा."

लावला.

"दोन-बाणवालं ठेवलंस ना?" बायको.

"ते होय? मी दुरुस्त केलं."

"अरे माझ्या राजा, 'टी'मधून फक्त मशीनचं साधं बोलणं जातं. एररची धार वेगळी असते. ते चिन्ह दोन्ही एकत्र करतं. तू काढलंस म्हणून एरर नुसत्या स्क्रीनवर आल्या. स्क्रीन कोण बघत होतं?"

"आई."

"मग जिंकलो. विंडो वर सरकव, आणि पुसायच्या बटणापासून हात लांब ठेव."

वर सरकवलं. एरर होत्या. 'आवाज'मधल्याच काही फाइली उतरल्याच नव्हत्या. बायकोने फोनवरून सांगितलं तसं तेवढ्याच पुन्हा उतरवल्या. डिस्क दोनदा खोकली, पण उतरल्या. जावईबापूंना घाम, सासूबाई मटार सोलतायत.

"एक लावा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पहिलीच लावली. सासऱ्यांचा भरदार, निवांत आवाज खोलीभर झाला.

"मुलगा सोन्यासारखा आहे गं, तू लग्नाला हो म्हण. फक्त त्याला काम सांगितलंस की मागे कुणीतरी बसव."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"परत लावा," त्या म्हणाल्या. "शेवटचं वाक्य."