राठोड सरांच्या कंप्युटरची चिठ्ठी

आमचे शेजारी राठोड सर यांच्या घरी पाणी प्यायला तांब्या उचलला, की त्याच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. ‘वसमतच्या बाजारातून. सौ. सोबत होत्या.’ खुर्चीच्या पाठीवर, ‘लग्नात सासऱ्यांनी दिली.’ भिंतीवरच्या घड्याळामागे, ‘बदलीच्या वेळी जुन्या शाळेने दिले. चालत नाही.’ एकदा मी त्यांच्या ओट्यावर छत्री विसरलो. दुसऱ्या दिवशी ती परत मिळाली, पण चिठ्ठीसकट: ‘वाघमारे सरांची. विसरले. आमची नाही.’ ती छत्री उघडून मी पुढे दोन पावसाळे आमच्या कुरुंद्यात हिंडलो आणि लोकांनी आपली यथेच्छ करमणूक करून घेतली.

आम्ही दोघं एकाच शाळेत. मी मराठी शिकवायचो, ते गणित. सर मूळचे बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. तिथून शिकून मास्तर झालेले त्यांच्या घरातले पहिलेच. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि चिठ्ठीचा डिंक. एवढी लिहालिही कशाला म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं. “तोंडाचं कोन ऐकतंय? लिहेल असलं की बराबर.” स्टाफरूममध्ये या वाक्याची नक्कल सगळ्यांना येत होती. माझी सगळ्यात चांगली होत असे.

दोन हजार चारच्या सुमारास सरांनी नांदेडहून कंप्युटर आणला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, सरांनी मॉनिटरला, कीबोर्डला, माउसला चिठ्ठ्या लावल्या. मग त्यांना प्रश्न पडला, की आत जे विंडोज चालतं त्याच्या चिठ्ठीवर काय लिहायचं? त्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो हसला. म्हणाला, ते आम्ही सगळ्यांनाच असंच टाकून देतो, त्याची कसली पावती मागता सर! खरं विकत घ्यायचं तर काय पडेल तेही त्यानं सांगितलं. तो आकडा ऐकून वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्या दिवसापासून कंप्युटरवर टॉवेल पडला. चार महिने सरांनी त्याला हात लावला नाही. मी म्हटलं, सर, अख्खा जिल्हा असाच चालवतोय.

“चालवू द्या,” ते म्हणाले. “चोरीचा माल हाये तो. माझ्या घरात न्हाई चालायचा.”

माणूस जरा जास्तच ताणतोय, असं मला वाटलं. आणि मी हे स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलंसुद्धा.

विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा पत्ता त्यांना वसमतच्या इंटरनेट कॅफेत लागला. मागितलं तर पोस्टानं घरपोच पाठवतात, तेही फुकट, हे कळल्यावर त्यांचा विश्वास बसेना. पण मागणी नोंदवली. दीड-दोन महिन्यांनी परदेशी शिक्क्यांचं पाकीट आलं. ते फोडेपर्यंत पोस्टमन ओट्यावरून हलला नाही. आत एक सीडी, आणि तिच्या वेष्टणावर इंग्रजीत छापलेलं: हिच्या प्रती काढा, कुणालाही द्या, तुम्हाला मुभा आहे. सरांनी ते वाचलं. मग मला वाचायला लावलं.

“म्हंजे, दुसऱ्याला देली तरी गुन्हा न्हाई?”

“नाही.”

“आन् हे त्यांनी लिहून देलंय,” सर म्हणाले आणि त्यांनी वेष्टणावरून हात फिरवला.

पुढचा सोहळा मात्र सोपा नव्हता. भारनियमनाचे दिवस. सीडी घालून काम निम्म्यावर यायचं आणि लाइट जायची. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा सरांनी वेळापत्रक पाहून, आंघोळ करून बैठक मारली आणि एका चुकीच्या बटणासरशी जुनं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं. त्यात टॉवेल पडण्यापूर्वी टाइप केलेली घरातल्या एकूण एक वस्तूंची यादीही गेली. वहिनी हळहळल्या. सर शांतपणे म्हणाले, की चोरीच्या मालात ठेवलेलं गेलं तर गेलं.

लिनक्स बसलं, पण आवाज गेला. कंप्युटरमधून गाणं ऐकू येईना, की साधं टुणकन वाजेना. प्रिंटरनंही असहकार पुकारला. सर पडद्यावर आलेली प्रत्येक चूक शाळेच्या वहीत जशीच्या तशी उतरवायचे, रविवारी एस.टी.नं वसमतला जायचे, कॅफेत उत्तर शोधून ते त्याच वहीत लिहून आणायचे. घरी करून बघितलं की नवी चूक. पुढच्या रविवारी पुन्हा वसमत. “एवढ्या फेऱ्यांच्या पैशात गाणं ऐकायला घरी बँड आणला असता,” असं वहिनी मला म्हणाल्या. सात महिन्यांनी एके दिवशी भिंतीपलीकडून ‘टुण्’ असा आवाज आला आणि पाठोपाठ सरांची हाक. मी गेलो तर वहिनी साखर वाटत होत्या आणि कंप्युटरच्या डोक्यावर नवी चिठ्ठी होती: ‘लिनक्स. मागितल्यावर दिले. आमचे आहे.’

यानंतर सरांना कुणी अडवू शकलं नाही. ज्याच्या घरी कंप्युटर, त्याच्या घरी सर. हट्ट्यापासून हिंगोलीपर्यंत त्यांनी सीड्या वाटल्या. होता होता ही कीर्ती एका फौजदारापर्यंत पोहोचली. त्यांच्या घरचा कंप्युटर व्हायरसनं बंद पडला होता. त्यांनी निरोप धाडला, की सरांनी कृपा करून यावं. गावाचं नाव मी सांगत नाही. सरांच्या तांड्याजवळचंच ते. सर मला म्हणाले, वाघमारे, तुमी संगं चला. ठाण्याच्या आवारातच क्वार्टर हाये.

एस.टी.त बसल्यावर सरांनी तिकिटं वरच्या खिशात नीट ठेवली. मग त्यांनी सांगितलं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना त्या गावात चोरी झाली आणि पोलीस सरळ तांड्यावर आले. यांच्या घरात एक पितळी घागर होती, आईला लग्नात मिळालेली. ही कुठली, असं विचारलं. वडिलांना मराठी धड येत नव्हती. त्यांनी सांगितलं ते कुणी मानलं नाही. घागरीसकट वडिलांना नेऊन ठाण्याच्या फाटकापाशी उन्हात मातीवर दिवसभर बसवलं. चोर गावातलाच निघाला, पण घागर काही परत आली नाही.

“बा खरं बोलून राहिला व्हता,” सर म्हणाले. “पन लिहेल काहीच नव्हतं.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. स्टाफरूममधल्या माझ्या नकलांची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

फाटकाशी सरांचे पाय थबकले. मी काही बोलणार इतक्यात फौजदार स्वतः बाहेर आले, नमस्कार केला आणि त्यांना आत घेऊन गेले. दोन तास सर त्या कंप्युटरशी झुंजले. चहा दोनदा आला. निघताना फौजदार फाटकापर्यंत पोचवायला आले आणि त्यांनी सरांकडून आणखी दोन सीड्या मागून घेतल्या. सर ताठ मानेनं चालत होते, आणि त्यांच्या शेजारून चालताना माझीही मान उगाचच ताठ झाली होती.

परत येताना आम्ही तांड्यावर उतरलो. सरांचे वडील दारात बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी. सरांनी त्यांच्या कानाशी वाकून गोरमाटी बोलीत सगळं सांगितलं. कंप्युटर, लिनक्स यातलं म्हाताऱ्याला काय कळलं असेल कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं, ते सरांनी मला मराठीत सांगितलं: बसायला काय देलं?

“खुर्ची,” सर म्हणाले. “दोन घंटे.”

म्हातारबाबांनी बाजेखाली हात घातला. काठी शोधली, पटका नीट केला, उठले आणि शेजारच्या दारात गेले. तिथून पुढच्या दारात. प्रत्येक दारापाशी थांबून, हात हलवत ते सांगत होते. तांडा काही लहान नव्हता, आणि आमच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ होत आली होती. मी घड्याळ दाखवलं. सरांनी ते बघितलं, पण वडिलांना हाक काही मारली नाही. आमची एस.टी. गेली.