मुरलीचे दोन इंच

शेजारच्या मुरलीला मुलगी बघायला मीच नेलं होतं. बायोडाटाही मीच लिहिला. उंची पाच फूट दोन, मी ठोकून दिली पाच-चार. मग लिहिलेलं खरं दिसावं म्हणून त्याला आतून टाचा चढवलेले बूट घ्यायला लावले. बूट झकास होते. फक्त अमळनेरकडच्या त्या घराच्या दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हा मला आठवलं, की माणसं पायातलं बाहेर काढून घरात जातात. माझं वय तेव्हा चौसष्ट. चार नातवंडांची आजी, जन्मभर उंबऱ्याबाहेर चपला काढत आलेली. एवढी माझी अक्कल.

दारात पाच-चार असलेला मुरली बैठकीत पाच-दोनचा होऊन शिरला. मुलीच्या मामाने त्याला वरून खाली पाहिलं. "निम्मा पोऱ्या बूटमाच ऱ्हायना का?" म्हणाला. अर्धा मुलगा बुटातच राहिला का, असं. सगळी बैठक हसली. मीही हसले. त्या मामाचा मला राग आहेच, पण माझ्या त्या हसण्याचा जास्त आहे.

मुरली मोजणी खात्यात. शेतांच्या हद्दी मोजायच्या, खुणा गाडायच्या. "अंदाज नको, मोजून सांगतो," हे त्याचं पालुपद. देवपुरात आमची भिंतीला भिंत. त्याचे आईवडील गेल्यापासून घरात तो आणि तीन टेप. मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दिली की आधी टेप लावायचा. "अक्का, कालच्यापेक्षा अर्धा इंच कमी." पांझरा नदीचं पाणी त्याच्या पायरीपासून किती मीटर, ते दर उन्हाळ्यात नव्याने मोजून यायचा, आणि कुणी विचारलेलं नसताना सगळ्या गल्लीला सांगायचा.

अमळनेरनंतर आणखी चार ठिकाणी नकार आला. मुलगा कमावता आहे, घर आहे, सुपारीचं व्यसन नाही, हे कुणी मोजलं नाही. मुली गप्प, बोलायचे बाप आणि काका. स्वतः दाराची कडी काढायला स्टूल घेणारी माणसं.

एके दिवशी मुरली कागद घेऊन आला. "अक्का, नडगीचं हाड कापतात. मग रोज मिलिमीटरभर ओढतात, मधल्या फटीत नवं हाड भरतं. दोन इंच मिळतात."

"कुणाला मिळतात? धड पाय कापून घेणाऱ्या येड्यांना?"

"मोजून देतात, अक्का."

मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो गेला आणि दोन्ही पायांना लोखंडी कडी, हाडात आरपार तारा, असा परत आला. ज्या डॉक्टरने निरोगी माणसाच्या पायाला करवत लावली, तो समोर आला असता तर मी त्याचीच उंची कमी केली असती.

कड्यांचे नट दिवसातून चार वेळा पान्याने पाव-पाव फिरवायचे. पहिल्याच दिवशी मुरलीने दोन नट फिरवून पाना खाली ठेवला. मग पाना मी घेतला. तारांच्या भोकांशी पू धरू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ जखमा पुसायच्या, तेही मीच. फिरवताना मी शिव्या द्यायची. त्याला, डॉक्टरला, सगळ्या बापांना. तो दातावर दात धरून म्हणायचा, "बोलत राहा. मोजतोय. आज सतरा झाल्या, काल एकवीस होत्या."

मग डाव्या पायाची टाच टेकेना. हाड वाढलं, मागची शीर वाढायला तयार नाही. डॉक्टर फोनवर म्हणे, "व्यायाम करा, होईल." आणि नाही झालं तर? शेतं चालत मोजायची नोकरी याची. पाच-चारचा लंगडा घरात बसवून ठेवायचा का? मी पहिल्यांदा घाबरले, आणि घाबरले की मला आणखी राग येतो. रोज सकाळी टॉवेल त्याच्या तळव्याखालून घालून पाऊल त्याच्याकडे ओढायची. तो ओरडायचा, मी त्याच्या वर ओरडायची. गल्लीला वाटायचं आमचं वैर आहे.

असे किती महिने गेले ते मी मोजले नाहीत. एका सकाळी टाच फरशीला लागली. पुढे कडीही निघाली. मुरली काठी न घेता माझ्या ओट्यापर्यंत चालत आला, पाच-चार, अगदी नेमका.

मी पाना पुसून त्याच्या हातात दिला. "घे बाबा. उद्यापासून मी सुटले, तूही सुटलास."

तो पाना उलटसुलट करत उभा राहिला. टेप काढला नाही. मग खाली बघत म्हणाला,

"अक्का, हातसुद्धा असेच वाढवून देतात म्हणे. तुम्ही रोज येणार असाल, तर विचारू का?"